ट्रॅकिंग: माग, पाळत की पाठपुरावा?

शाळेच्या व्हॅनमध्ये जीपीएस बसवून देणाऱ्या एका दुकानदाराने गेल्या पावसाळ्यात मला एक इंग्रजी पत्रक मराठीत करायला दिलं. पानभर मजकूर आणि त्यात 'ट्रॅकिंग' सात वेळा. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, अनुवादाची छोटी-मोठी कामं घेते, आणि असलं पत्रक चहा निवायच्या आत हातावेगळं करते असा माझा समज आहे. वरची ठळक ओळ मी लिहिली, 'आता घरबसल्या मुलांवर पाळत ठेवा.' दुकानदार गुजराती, पण बडोद्यातच वाढलेला, मराठी व्यवस्थित वाचतो. त्याने ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "बेन, आ तो पोलीस जेवुं लागे छे!"

खरंच होतं त्याचं. पाळत चोरावर ठेवतात. शाळेतून घरी येणाऱ्या लेकरावर कोण ठेवतं? मग मी 'मागोवा' लिहून पाहिलं, तर व्हॅन हरवल्यासारखी वाटायला लागली. 'पाठपुरावा' लिहिलं, तर पालक व्हॅनवाल्याकडे अर्ज घेऊन खेटे घालताहेत असं दिसायला लागलं. इंग्रजीतला एक शब्द मराठीत पाच-सहा घरांत विभागून राहतो, आणि कुठल्या घरी जायचं ते ठरवल्याशिवाय अनुवादही धड होत नाही आणि कामही. ते ठरवायची माझी रीत इथे लिहिते. सोबत, पार्सलपासून हरवलेल्या फोनपर्यंत रोज लागणारं ट्रॅकिंग प्रत्यक्षात कसं करायचं, तेही.

आधी कान साफ करा: ट्रॅकिंग की ट्रेकिंग?

आमच्याकडे हा घोळ जास्तच आहे, कारण गुजराती पाट्यांवर दोन्ही शब्द बहुतेक 'ट्रेकिंग' असेच दिसतात. 'ट्रेकिंग डिवाइस' वाचून माझ्या सासूबाईंना ते पावागड चढायचं काहीतरी यंत्र वाटलं होतं. मराठीत चंद्र आहे, तो वापरा. ट्रॅकिंग म्हणजे कशाच्या तरी मागावर असणं. ट्रेकिंग म्हणजे पाठीवर पिशवी टाकून डोंगर तुडवणं.

दोन्ही शब्दांची मुळं मात्र पाहण्यासारखी आहेत. 'ट्रेक' आला दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या बोलीतून. मूळ अर्थ ओढणं, आणि त्यावरून बैलगाड्यांचा लांबचा प्रवास. 'ट्रॅक' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे तो जनावराच्या, विशेषतः घोड्याच्या पावलांच्या खुणांसाठी होता. पावलांची वाट झाली, वाटेचा मार्ग झाला, मार्गाचे रूळ झाले. गायकवाडांच्या राज्यात ही बैलगाडी आणि हे रूळ एकत्रही आले होते. १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची लाइन टाकली, आणि सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढत.

व्याकरणाचं दोन ओळींत उरकते. 'ट्रॅकिंग' नपुंसकलिंगी (पार्सलचं ट्रॅकिंग), 'ट्रॅक' आणि 'ट्रॅकर' पुल्लिंगी. 'ट्रॅक ठेवणे' लिहू नका, ते इंग्रजीचं हाड आहे. मराठीत लक्ष ठेवतात, नोंद ठेवतात, हिशोब ठेवतात.

मग स्वतःला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: ज्याचा शोध आहे ते निघून गेलंय आणि मागे खुणा उरल्यात, की ते आत्ता चालू आहे? खुणांवरून जायचं असेल तर 'माग'. माग काढणे, माग लागणे, मागमूस नसणे हे सगळं संस्कृतातल्या मार्गापासून आलं. मागे वळून अभ्यासाने पाहायचं असेल तर 'मागोवा'. वस्तू या क्षणी कुठे आहे एवढंच हवं असेल तर 'ठावठिकाणा', किंवा सरळ 'कुठे आहे ते बघा'. करोनाच्या काळात 'ट्रॅक अँड ट्रेस' जोडीने ऐकू यायचं. त्यातलं ट्रेसिंग म्हणजे रोग्यापासून उलटं मागे जाणं, त्याचा संपर्क कुणाकुणाशी आला ते शोधणं. मराठीत माग म्हणायला तेच योग्य. ट्रॅकिंगला मात्र 'लक्ष' पुरे होतं.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि मी नेमका तोच विसरले होते. ज्याच्यावर नजर आहे त्याला ते ठाऊक आहे का, आणि चालणार आहे का? नसेल तर 'पाळत', 'टेहळणी'. असेल तर 'लक्ष', 'देखरेख'. इंग्रजी शब्द इथे सोयीस्कर मौन पाळतो. मराठीला पाळता येत नाही, आणि मला ते मराठीचं बळ वाटतं.

तिसरा: नुसतं बघायचंय की काम पुढे ढकलायचंय? कचेरीतल्या 'ट्रॅकर शीट'मध्ये कुणाचं काम कुठे अडलंय ते लिहितात, कारण फोन करून ते हलवायचं असतं. तो पाठपुरावा. चौथा: रोज आकडे मांडायचेत का? खर्च, पावलं, साखर, पाळीची तारीख, ही सगळी 'नोंद'. कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करणाऱ्या आमच्या आज्या नोंदच ठेवत होत्या, ॲप नव्हतं एवढंच.

आकाशातल्या वस्तूंसाठी वेगळा आणि देखणा शब्द आहे: वेध. तारा तासाला सुमारे १५ अंश सरकतो, दुर्बीण त्याच्यासोबत वळत राहते, ते वेध घेणं. इस्रोच्या उपग्रहांचं असंच काम बंगळुरूच्या 'इस्ट्रॅक'कडे आहे. त्याच्या पूर्ण नावातही 'ट्रॅकिंग' आहेच.

शब्द ठरवून घेण्याची हौस या गावाला जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश बडोद्यात छापला गेला, त्यात मराठीही होती. त्या मंडळींपुढे 'ट्रॅकिंग' असं सात अर्थांनी आलं असतं तर त्यांनी किती रकाने केले असते, असा विचार मनात येतो.

पायांचा माग

मूळ अर्थ जिथे अजून जिवंत आहे तिथे आधी जाऊ. गुजरातमध्ये माग काढणाऱ्याला 'पगी' म्हणतात, पग म्हणजे पाऊल. चोराची, गुराची, उंटाची पावलं वाचणारा माणूस. कच्छ-बनासकांठ्याच्या सरहद्दीवरचे रणछोड पगी तर १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लष्कराच्या उपयोगी पडले. पावलांवरून किती माणसं गेली, किती ओझं घेऊन गेली, हे ते सांगत. सीमा सुरक्षा दलाची एक चौकी त्यांच्या नावाने आहे.

जंगलखात्याने वाघ मोजायलाही पंजाच्या ठशांची पद्धत अनेक वर्षं वापरली. १९६० च्या दशकात ती सुरू झाली. २००५ मध्ये सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदावरचे आकडे किती पोकळ होते ते कळलं, आणि कॅमेरा ट्रॅप आले.

तुम्हाला घरच्या घरी माग वाचायचा असेल तर ओली माती आणि तिरका उजेड पुरतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. दुपारी ठसा सपाट दिसतो. सूर्य ठशाच्या पलीकडे येईल असे उभे राहा. आधी बोटांच्या पुढे नखांची टोकं उमटलीत का बघा. कुत्र्या-कोल्ह्याची उमटतात, मांजरकुळाची सहसा नाहीत, कारण चालताना ती नखं आत घेतात. मग एका ठशावर न थांबता पुढचा शोधा, दोन पावलांतलं अंतर मोजा, आणि तिसरं कुठे पडलं असेल त्याचा अंदाज बांधून तिथे पाहा. आमच्या विश्वामित्री नदीच्या काठी आम्हाला आणखी एक खूण ओळखावी लागते. दोन्हीकडे पावलं आणि मधोमध घसटत गेलेली रेघ दिसली, तर ती मगरीची शेपटी. तिथून पुढे माग काढू नका, मागे फिरा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्या, तेव्हा बडोदेकरांनी हे धडे चिखलातच घेतले.

पार्सल: हा माग नाही, ही नोंद

पार्सलच्या ट्रॅकिंगबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. त्या खोक्याला जीपीएस नसतं. वाटेत जिथे जिथे त्याचा बारकोड वाचला जातो तिथे एक ओळ उमटते. दोन वाचनांच्या मधे खोकं ट्रकमध्ये झोपलेलं असतं, आणि दोन दिवस काहीच न बदलणं म्हणजे हरवणं नव्हे.

टपालखात्याच्या स्पीड पोस्टचं (ही सेवा १९८६ पासूनची) उदाहरण घ्या. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पत्रही त्यातच विलीन झालं, त्यामुळे आता बहुतेक महत्त्वाचा कागद याच वाटेने जातो. पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, आपल्यासाठी 'आयएन'. पावतीची शाई उडते, म्हणून टपालकचेरीच्या दारातच तिचा फोटो काढा.

क्रमांक टाकला आणि 'माहिती नाही' आलं, तर आधी आकडा चुकलाय का ते तपासा. नववा आकडा त्याचसाठी असतो. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, उरेल ती बाकी ११ मधून वजा करा. समजा आकडे १२३४५६७८ आहेत. गुणाकार होतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४, बाकी ६, म्हणजे नववा आकडा ५ हवा. उत्तर १० आलं तर शून्य धरायचं आणि ११ आलं तर ५. पुसट पावतीवरचा ३ आहे की ८, हा वाद आमच्या घरी याच रीतीने मिटतो.

आकडा बरोबर असेल तर नोंदीतलं शेवटचं गाव बघा. बडोद्याचे पिन कोड ३९० ने सुरू होतात. एका दिवाळीत पुण्याच्या आत्याने फराळाच्या खोक्यावर ३९० मधला ९ असा काही वळवला की तो ६ झाला, आणि ३६० म्हणजे राजकोट. नोंदीत राजकोट दिसताच मी क्रमांक घेऊन टपालकचेरीत तक्रार टाकली. चकल्या भाऊबीजेनंतर आल्या, पण आल्या. असं गाव चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. इथून पुढे तुमचं काम पाठपुराव्याचं.

'तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकलंय, या दुव्यावर पाच रुपये भरा' असा निरोप आला तर तो दुवा उघडायचा नाही. ट्रॅकिंग नेहमी आपण क्रमांक टाकून करायचं, आलेल्या दुव्यावरून कधीच नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत-क्रमांकाला फोन करा.

गाडी कुठे आहे?

रेल्वेसाठी सरकारी एनटीईएस ॲप किंवा १३९ हा क्रमांक. आता पुष्कळ इंजिनांवर इस्रोच्या मदतीने केलेली उपकरणं आहेत, त्यामुळे जागा बरीच ताजी कळते. काही खासगी ॲप गाडीत बसलेल्यांच्या फोनला जवळचा मोबाइल टॉवर कुठला, त्यावरून अंदाज बांधतात. बोगद्यात किंवा रेंज नसलेल्या पट्ट्यात तो अंदाज फसतो.

बडोद्याला पाहुणे आणायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: गाडी बडोद्याच्या मुख्य स्टेशनावर येते की गावातल्याच छायापुरी स्टेशनावर. अहमदाबादहून रतलामकडे जाणाऱ्या गाड्यांना इंजिन उलटं लावावं लागू नये म्हणून छायापुरी केलं, आणि अनेक गाड्या आता तिथेच थांबतात. स्टेशनचं नाव न बघता नुसती वेळ बघणारे जावई सयाजीगंजला, म्हणजे मुख्य स्टेशनावर, फुलं घेऊन उभे राहिलेत. आणखी एक, शेवटच्या स्टेशनाआधी वेळापत्रकात थोडी ढील ठेवलेली असते. अर्धा तास उशिरा दिसणारी गाडी तिथे वेळेवरही पोचते, म्हणून घरातून उशिरा निघू नका.

फोन हरवला तर

इथे खऱ्या अर्थाने माग काढायचाय. आज, फोन हातात असतानाच, *#०६# दाबा (आकडे इंग्रजी कीपॅडवरचे) आणि दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये नव्हे, वहीत. हरवल्यावर आधी दुसऱ्या फोनवरून गूगलच्या किंवा ॲपलच्या शोधसोयीत आपल्या खात्याने शिरा आणि फोनला कुलूप घाला. नकाशावर ठिपका दिसला तरी एकट्याने त्या दारात जाऊ नका. पोलिसांत तक्रार, मग त्याच नंबरचं नवं सिम, आणि मग 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद करण्याचा अर्ज. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. अर्जात तक्रारीचा क्रमांक आणि ओळखपत्र लागतं, बिल असेल तर तेही जोडा. त्यानंतर त्या फोनमध्ये कुणी दुसरं सिम घातलं तरी तो चालत नाही, आणि घातल्याची खबर पोलिसांपर्यंत जाते. फोन सापडला तर बंदी उठवायचा अर्जही तिथेच करायचा, हे लोक विसरतात आणि मग सापडलेला फोन मुका का म्हणून विचारतात.

कोण कुणावर, आणि विचारून का?

नवरात्रात आमच्याकडच्या मुली गरब्याहून रात्री उशिरा परततात. व्हॉट्सॲपवर आपण कुठे आहोत ते चालतं ठेवता येतं: पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. माझी भाची आठ तास देते आणि घरी पोचली की स्वतः बंद करते. तिने दिलं, तिनेच काढून घेतलं, म्हणून ते लक्ष. तेच तिच्या फोनमध्ये गुपचूप कुणी ॲप घातलं असतं तर ती पाळत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली बाईच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर अशी नजर ठेवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. काळजीपोटी केलं म्हणणाऱ्यांनी आधी विचारून पाहावं. उत्तर आवडलं नाही तरी.

कंपन्यांचं ट्रॅकिंग मी बेधडक 'पाळत' लिहिते, आणि संपादकांनी बदललं तर भांडते. वेबसाइट तुम्हाला ओळखावी म्हणून १९९४ मध्ये कुकी ही छोटी चिठ्ठी निघाली, पुढे जाहिरातवाल्यांनी तिचा पाळतीसाठी वापर करून घेतला. कमी करायचं तर फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपला 'वापरताना फक्त' एवढीच जागेची परवानगी ठेवा, विजेरीच्या ॲपला तर काहीच नको. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीत जाऊन जाहिरातींचा आयडी पुसा. आयफोन २०२१ पासून विचारतो, तिथे नको म्हणा. ईमेलमधली चित्रं आपोआप उघडणं बंद करा, कारण एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र तुम्ही पत्र कधी उघडलंत ते पाठवणाऱ्याला सांगतं. मुलांबाबत तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांचं ट्रॅकिंग कंपन्यांना मना करणारं कलमच आहे. त्या कलमाचं मराठी करायची पाळी आली तर शब्द पाळतच.

अक्षरांचं ट्रॅकिंग

हा अर्थ वरच्या कुठल्याच प्रश्नात बसत नाही, आणि लग्नपत्रिका, फलक, पत्रकं करणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. अक्षरजुळणीत ट्रॅकिंग म्हणजे सगळ्या ओळीतल्या अक्षरांमधली मोकळीक एकदम वाढवणं किंवा घटवणं. दोनच अक्षरांमधली जागा नीट करणं हे कर्निंग. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग एका एमच्या (अक्षराच्या आकाराएवढ्या रुंदीच्या) हजाराव्या भागात मोजतात, म्हणजे ५० टाकलं की अक्षराच्या आकाराच्या विसाव्या हिश्श्याएवढी जागा.

इंग्रजी मथळ्याला ते शोभतं. गुजरातीलाही चालतं, कारण गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. मराठीला शिरोरेषा आहे, आणि ट्रॅकिंग वाढवलं की ती दर अक्षरागणिक तुटते, शब्दाचे दात पडतात. आमच्याकडे दोन भाषांच्या पत्रिका सर्रास छापतात. गुजराती बाजू सजवून झाली की तीच मापं मराठी बाजूला चिकटवतात, आणि 'शुभविवाह' पाच तुकड्यांत छापून येतो. तेव्हा देवनागरीचा मजकूर निवडा, ट्रॅकिंग शून्य करा, मोकळीक हवी तर शब्दांमधली जागा वाढवा किंवा रुंद वळणाचा फाँट घ्या. छापण्याआधी चारपट मोठं करून शिरोरेषेवरून नजर फिरवा. पीडीएफ फोनवर बरी दिसते म्हणून सोडू नका.

बाकीचे अर्थ उभ्या उभ्या सांगते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ब्रिटिश गॅरेजवाला ट्रॅकिंग म्हणेल, मकरपुऱ्याचा मेकॅनिक अलाइनमेंट. जुन्या व्हीसीआरवर चित्रात पट्टे आले की ट्रॅकिंगचं बटण फिरवायचो, तो अर्थ व्हीसीआरबरोबरच माळ्यावर गेला. अमेरिकी शाळांत हुशारीप्रमाणे वर्ग पाडण्याला ट्रॅकिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला 'अ तुकडी' म्हणायचे आणि 'ड' वाल्यांना ते आयुष्यभर आठवायचं. सिनेमात कॅमेरा रुळांवरून सरकतो तो ट्रॅकिंग शॉट, सेटवर मात्र ट्रॉली.

त्या पत्रकाचं शेवटी असं झालं. सातपैकी सहा ठिकाणी मी ट्रॅकिंगसाठी नामच ठेवलं नाही. 'व्हॅन कुठे पोचली ते फोनवर बघा.' 'व्हॅन शाळेतून निघाली की तुम्हाला निरोप येईल.' दुकानदार खूश झाला, म्हणाला, हे माझ्या आईलाही कळलं. मथळ्यात मात्र त्याला 'ट्रॅकिंग' हवंच होतं, गिऱ्हाईक तोच शब्द विचारत येतं म्हणून. दिलं. आठवड्याने छापून आलेली प्रत त्याने हौसेने हातात ठेवली. वर लाल रंगात, टपोऱ्या अक्षरांत, गुजराती मथळ्याच्या मापाने ताणलेलं: ट्रॅ किं ग.